आधी होडी, मग इंजिन

साधना मूळची हर्णैची. तिच्या वडिलांची मासेमारीची बोट होती. वडील थकले, आता ती मोठा भाऊ नागेश चालवतो. लहानपणी संध्याकाळी बोटी बंदराला लागल्या की साधना आईबरोबर वाळूवर मासळीचे वाटे लावायला बसायची. कुठली सुरमई आजची आणि कुठली कालची, हे तिला नुसतं हात लावून कळायचं. पण मासे धरायला ती स्वतः कधी समुद्रावर गेली नाही. बोटीवर पुरुष जायचे आणि बायका किनाऱ्यावर विकायच्या. त्यात काही वेगळं होऊ शकतं असं कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही.

पुढे तिचं चिंचवडच्या प्रतापशी लग्न झालं. प्रताप मोटारींच्या इंजिनांवर काम करणारा इंजिनीअर. चौदा वर्षांपूर्वी दोघं जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आली तेव्हा मुलगी अन्वी वर्षाची होती. प्रतापच्या ऑफिसात सगळं इंग्रजीवर भागायचं, त्यामुळे त्याचं जर्मन बेकरीत पाव मागण्याच्या पुढे गेलं नाही. साधना मात्र एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, मदतनीस म्हणून लागली आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनी तिला जर्मन शिकवलं.

रविवारी कालव्याच्या काठाने फिरताना गळ टाकून बसलेली माणसं दिसायची. एकदा तिने एकाला विचारलं की हे कोणालाही करता येतं का. परीक्षा द्यावी लागते, असं तो म्हणाला. साधनाला आधी ती थट्टा वाटली. पण खरंच परीक्षा होती. माशांची नावं, कल्ले, गाठी, कायदे, मासा धरल्यावर त्याला त्रास न देता कसं मारायचं, सगळं जर्मनमध्ये. तिने दोन महिने मासेमारी क्लबच्या वर्गाला जाऊन साठ प्रश्नांची ती परीक्षा दिली आणि दोनच उत्तरं चुकली. प्रतापने ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

वर्षभर तिने काठावरूनच गळ टाकले. क्लबचा स्वतःचा एक तलाव होता, जुन्या वाळूच्या खाणीत पाणी साठून झालेला. तिथे सभासदांना होडी ठेवता येत असे. मोठे मासे मधल्या खोल पाण्यात असायचे आणि काठावरून तिचा गळ तिथवर पोचायचा नाही. एका जेवणाच्या वेळी ती सहज म्हणाली, की आपण एक लहानशी होडी घ्यायची का?

प्रतापने ते सहज घेतलं नाही. मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला तो तिला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे लाकडी स्टँडवर दहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं, इंजिन लटकत होतं. जुनंच, पण त्याने ते पूर्ण खोलून, ऑइल आणि प्लग बदलून, पुसून चकचकीत केलं होतं. पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत लायसन्स लागत नाही, हे त्याने वाचून ठेवलं होतं. मग त्याने ते गॅरेजबाहेर पाण्याच्या ड्रममध्ये उतरवून सुरू करून दाखवलं. दोरीच्या एकाच ओढीत सुरू झालं. प्रताप डोकं जरा कलतं करून त्याचा आवाज ऐकत उभा राहिला.

साधनाला त्याचा असा खुललेला चेहरा बऱ्याच महिन्यांनी दिसला. कंपनीत इंजिनांचा विभाग हळूहळू लहान होत होता. प्रतापला बॅटरीच्या कामावर घेतलं होतं. नोकरी शाबूत होती, पण वीस वर्षं ज्या गोष्टीला हात लावला ती आता दिवसभर हाताखाली नव्हती. त्याबद्दल तो घरी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी साधनाने क्लबचे नियम काढून वाचले. तलावावर फक्त इलेक्ट्रिक मोटर चालेल, पेट्रोलची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तिने ते वाक्य तीनदा वाचलं. वाक्यात काही पळवाट नव्हती. कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला आणि पंधरा दिवस प्रतापला काही सांगितलं नाही.

तेवढ्या दिवसांत प्रतापने होड्या शोधल्या. एल्ब नदीच्या काठावरच्या एका गावात ल्युडर्स नावाचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ जुन्या होड्या दुरुस्त करून विकायचे. एप्रिलमधल्या एका शनिवारी इंजिन डिकीत घालून तिघं तिकडे गेली. अन्वीला यायचं नव्हतं. गाडीत मागे बसून ती कानात गाणी ऐकत होती आणि विचारलेल्याला जर्मनमध्ये एका शब्दात उत्तर देत होती.

प्रतापने फोटोवरून निवडलेली होडी ॲल्युमिनियमची होती. हलकी, निमुळती, दिसायला चपळ. तिची मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, त्याच्या इंजिनला नेमकी पुरेल इतकी उंच होती. ल्युडर्सांच्या धक्क्यापाशी नदीचा एक शांत फाटा आत आला होता, तिथे त्यांनी ती पाण्यात सोडली. प्रतापने इंजिन लावलं आणि तिघं निघाली. होडीचं नाक वर उचललं गेलं, मागे पांढरा फेस उठला, आणि अन्वीनेही कानातले इअरफोन काढून ठेवले.

थोडं पुढे गेल्यावर साधनाने इंजिन बंद करायला सांगितलं. होडी थांबली तशी ती गळ टाकण्यासाठी उठावं तशी उभी राहिली आणि एक पाऊल डावीकडे टाकलं. होडी त्याच बाजूला एकदम कलली. होडीच्या कडेवरून लोटाभर पाणी आत आलं, अन्वीचे बूट भिजले, आणि साधना धपकन खाली बसली. प्रताप म्हणाला, की सवय झाली की तोल सांभाळता येईल.

धक्क्यावर परत आल्यावर ती शेडमध्ये एकटीच हिंडली. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली राखाडी रंगाची फायबरची होडी होती. पूर्व जर्मनीच्या काळातली, असं ल्युडर्सांनी सांगितलं. आत पावसाचं पाणी आणि मागच्या पानगळीची पानं साचली होती. साधनाने तिथूनच नागेशला व्हिडिओ कॉल लावला. हर्णैला दुपार टळली होती आणि तो जाळी दुरुस्त करत बसला होता. बहीण होडी घेतेय, हे ऐकून तो आधी पोटभर हसला. मग त्याने विचारलं, की मासा उभं राहून धरणार की बसून, आणि किती माणसं असणार. होडीचं बूड दाखव म्हणाला. तिने फोन वाकवून रुंद, सपाटसं बूड दाखवलं.

"बघून काय कळतं," नागेश म्हणाला. "पाण्यात घाल. दोघं जण एकाच अंगाला उभी राहा. तेव्हा ती काय करते ते बघ."

ल्युडर्सांनी पानं काढून होडी पाण्यात सोडली. साधना आणि अन्वी एकाच बाजूला उभ्या राहिल्या. होडी चार बोटं खाली गेली आणि तिथेच थांबली. साधनाने रिकामाच हात मागे नेऊन गळ टाकल्यासारखा पुढे झटकला. पायाखाली फारसं काही हललं नाही. तिने अन्वीकडे पाहिलं. अन्वी म्हणाली, "डी नेमन विअर." हीच घेऊ या.

प्रतापने इंजिन आणून त्या होडीच्या मागच्या फळीवर अडकवलं. फळी बुटकी होती. इंजिनचा दांडा लांब असल्यामुळे पंखा पाण्यात वीतभर जास्त खोल गेला. त्याने टेप काढून मोजलं, पुन्हा मोजलं. त्याच्या कामात इंजिन आधी यायचं आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवलं जायचं. इथे ते उलटं असतं हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तरी तो हटला नाही. फळी उंच करून घेता येईल, फायबरचं काम काही अवघड नाही, मी शिकून घेईन, असं तो सांगू लागला.

साधनाने पर्समधून तो घडी केलेला कागद काढला.

"प्रताप, तलावावर पेट्रोलचं इंजिन चालत नाही. मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे."

त्याने कागद घेतला. नियमाचं जर्मन त्याला सावकाश वाचावं लागलं.

"मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी ड्रममध्ये इंजिन सुरू झालं तेव्हा तुझ्याकडे बघत होते, म्हणून."

प्रतापने कागद परत दिला आणि तो धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. साधना मागे गेली नाही. आपण आधीच सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

ल्युडर्सांनी थर्मासमधली कॉफी सगळ्यांना दिली. एक कप घेऊन ते प्रतापपाशी गेले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण फळीवरचं इंजिन आणि टेप पाहून त्यांना काय ते समजलं असावं. त्यांची स्वतःची होडी शेजारीच बांधलेली होती. मोठी, लाकडी, नदीत चालवायची. तिचं जुनं इंजिन दोन वर्षांपासून दर खेपेला नवीन काहीतरी कारण काढून बंद पडत होतं. त्या होडीची मागची फळी उंच होती. प्रतापचं इंजिन तिच्यावर लावून बघू या का, असं त्यांनी खुणांनी आणि चार इंग्रजी शब्दांत विचारलं.

इंजिन नीट बसलं. प्रतापने दोरी ओढली आणि ते पहिल्याच ओढीला सुरू झालं. ल्युडर्स होडीत चढले आणि त्यांनी शेजारच्या फळीवर हात आपटून त्याला बसायला सांगितलं. दोघं फाट्यातून बाहेर, मोठ्या नदीत गेले. चांगले तासाभराने आले. प्रतापचे केस उभे राहिले होते आणि तो हातवारे करून जर्मनमध्ये काहीतरी समजावत होता. त्यातली निम्मी क्रियापदं चुकीची होती, पण ल्युडर्स दर वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत होते.

मग ल्युडर्सांनी साधनाला सांगितलं, की इंजिन मला द्या आणि राखाडी होडी तुम्ही न्या. एक अटही घातली: इंजिनचं काही बिघडलं, किंवा नाही बिघडलं तरी, तुमच्या नवऱ्याने महिन्यातून एकदा यायचं. साधनाने ते प्रतापला जसंच्या तसं मराठीत सांगितलं. तो विचार करतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "देऊन टाकू. पण इलेक्ट्रिक मोटर मी निवडणार."

"निवड," साधना म्हणाली. "पण बॅटरी मला एकटीला उचलता आली पाहिजे."

"एकटीला?"

"कधीकधी मी एकटी जाईन."

त्याने मान डोलावली. मग दोन आठवडे तो त्या कामाला लागला. मोटर वाऱ्याविरुद्ध होडी धरून ठेवणारी हवी, चार तास पुरणारी हवी, आणि मासे बिचकणार नाहीत इतकी शांत हवी, एवढं साधनाने सांगितलं होतं. शिसाची बॅटरी स्वस्त होती, पण तिचं वजन पाहून त्याने ती यादीतून स्वतःच काढली. लिथियमची आली तेव्हा साधनाने स्वयंपाकघरातलं बासमतीचं दहा किलोचं पोतं एका हाताने आणि बॅटरी दुसऱ्या हाताने उचलून पाहिली. जवळपास सारखीच होती. बॅटरीच्या कामावर आल्यापासून पहिल्यांदाच प्रतापने जेवताना ऑफिसातलं काही सांगितलं: तिथल्या बॅटऱ्या थंडीत कशा वागतात, आणि हिला जानेवारीत घरात का ठेवावं लागेल.

मे महिन्यात राखाडी होडी तलावावर आली आणि दोन-तीनदा सगळे मिळून तिथे गेले. अन्वीने मोटर चालवली, प्रतापने होडीत आडवं पडून झोप काढली, आणि एकही मासा लागला नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी प्रताप सकाळीच एल्बला ल्युडर्सांकडे गेला. अन्वी मैत्रिणीकडे होती. साधनाने बॅटरी उचलून होडीत ठेवली, दोर सोडला आणि ती तलावाच्या मधोमध गेली. तिथे मोटर बंद करून ती उभी राहिली आणि तिने गळ टाकला. वारा नव्हता. पलीकडच्या काठावर कोणीतरी तंबूची चेन उघडली तो आवाज इथवर ऐकू आला. पहिला तास नुसता गेला. त्याचं तिला काही वाटलं नाही. मग दोरी ताणली, ढिली पडली, आणि पुन्हा जोरात ताणली.

दोन बार्श मिळाले. पट्ट्यापट्ट्यांचे, लाल परांचे, खवले चिवट असलेले मासे. तिने परीक्षेत शिकवलं होतं तसं त्यांना लगेच मारलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि फोटो नागेशला पाठवला. त्याने लिहिलं, की एवढ्याशा माशांसाठी एवढी परीक्षा? आणि त्याच्याखाली, की होडीचा फोटो पाठव, बाबांना बघायचाय.

प्रताप दुपारी घरी आला तेव्हा त्याच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येत होता. मासा एकही नव्हता, पण बोलायला पुष्कळ होतं. साधनाने मासे रव्यात घोळवून तळले होते. दोन माशांत तिघांचं काही भागेना, म्हणून वर अंडी तळली, आणि अन्वीने काटे काढायला घेतले.