सात राजांचा दगड

"अक्कल गहाण टाकली का तुमी? जित्या राजावर चंद्र-सूर्य कोरले?" मी मालकांवर खेकसले.

आमचे मालक पाथरवट. राणीसावरगावच्या आसपास माणूस गेलं की घरचे आमच्याकडं येतेत. मालक दगडात त्याचं रूप काढतेत, वर चंद्र-सूर्य कोरतेत. जन्मभर हेच काम. औंदा निजाम सरकारला गादीवर पंचवीस वर्सं झाली, म्हणून देशमुख माणिकरावांनी एकाच दगडात निजाम घराण्यातले साती राजे काढाय सांगितले. सहा मेलेले, सातवे हैदराबादेत जिते. सवयीचा मेला हात! चंद्र-सूर्य काढूनच थांबला.

"छिलून टाका."

"चंद्र-सूर्य पुसू न्हाईत गं. घर पुसलं जातं."

आमच्यात म्हणतेत, चंद्र-सूर्याच्या दगडावर जित्याचं रूप काढलं की वरीस सरायच्या आत ते माणूस जातं. हे कुणी सरकारात सांगितलं तर मालकांना फाशीच.

तेवढ्यात माणिकराव आलेच. चंद्र-सूर्यापाशी थांबले. "मुंजाजी, हे काय रे?"

मालकांनी छिन्नी पाठीमागं लपवली.

"वा रे पठ्ठ्या! चंद्र-सूर्य हायेत तवर राज्य राहणार म्हण की!" देशमुख खदखदून हसले. मी मनातल्या मनात खंडोबाला नारळ बोलले.

जाता जाता ते वळले. "खाली जागा हाय. तिथं हात जोडलेली रयत काढ. तुझंच तोंड काढ. परवा गंगाखेडला दगडाशेजारी तुला उभा करून सरकारी सायबाला दाखवतो."

न्हाई म्हणावं तर का ते सांगावं लागणार. सांगितलं की फास.

मालक छिन्नीला पाणी द्यायच्या घमेल्यात आपलं तोंड बघायला लागले.

"दुसऱ्या कुणाचं काढा की! देशमुखाला काय कळतंय?"

"कुणाचं काढू? कुणाला मारू, तूच सांग."

मला लय राग आला, त्यांचा, देशमुखाचा, त्या साती राजांचा.

दिवस कलला तवा दगडात मालकांचं नाक आलं, तुटका कान आला. मी पदर सावरून म्होरं बसले.

"शेजारी जागा हाय. माझं बी काढा."

"येडी झालीस का?"

"एकट्याला न्हाई जाऊ द्यायची मी."

मालकांनी शेजारच्या जागेवरची भुकटी झाडली. मग छिन्नी उचलून म्हणले, "डोळे पूस आधी. रडतं तोंड मला काढता येत न्हाई."