तानबाच्या दारामागचा आवाज

या, जरा पुढं सरका. बुवा आख्यान लावण्याआधी वीणा छेडत बसतात, तसं मी करत नाही. नाचणगावची गोष्ट आहे. ऐकताना अंगावर काटा येईल, पण उठताना हात जोडावेसे वाटतील, एवढा माझा शब्द.

भादव्याची पुनव उलटली, की पोरी भुलाबाईची मातीची मूर्ती मांडून घरोघर गाणी म्हणत. गाणी झाली, की घरातून खाऊचा झाकला डबा वाजवायचा. आत काय ते ओळखल्याबिगर पोरींनी हलायचं नाही, असा नेम. एक तानबाचं घर तेवढं त्या टाळायच्या. त्याच्या पोरीच्या, बायजाच्या, तोंडावर, हातावर कोड उठलं, तेव्हापासून ती कोणाला दिसली नव्हती. मामाकडं गेली, असं तिची माय जिजा सांगायची. पण शेजारी गाणं लागलं, की त्या बंद दारामागूनही कोणी गायचं. पोरी थांबल्या तरी आवाज थांबायचा नाही. कापसाच्या ओल्या पऱ्हाटीवरून गार वारा यायचा, दिवे फडफडायचे, पोरी एकमेकींना बिलगायच्या.

"बायजा मेली वं. तिचं भूत गाऊन राह्यलं," एका सांजेला शेवंता म्हणाली.

पोरींना गाणी शिकवणारी म्हातारी अनुसयाबाई पदर खोचून उठली. "चाला मंग, आज त्याच घरी भुलाबाई."

"आजी, भेव लागते!"

"गानं येते त्या भुताले, तं खाऊबी येत असंन."

दाराशी पावलं वाजली, तशी जिजा आतूनच बोलली, "बाई, पाया पडतो, परत जा. पोट्ट्या हासतीन तिले."

"हासतीन तं मी आहो ना! जित्या पोरीले किती दिस मेली करून ठेवशीन?"

पोरींनी कापत गाणं धरलं. आतला आवाज त्यात मिसळला. गाणं सरलं, अन् अंधारात डबा खडखडला.

शेवंता पळू लागली. अनुसयाबाईनं तिचा दंड धरला. "डबा वाजला ना? आता ओळखा."

"फु... फुटाने?"

"नाई," आतून आलं.

"शेंगदाने?"

"नाई वं, येडे!"

भूत येडे म्हणालं, तशी सगळ्यांत लहान अंबू फिसकन हसली. "गोड का आंबट?"

"आंबट. खारटबी."

"उकडबोरं!" सगळ्या एकदम ओरडल्या.

कडी निघाली. दिव्यात अर्धं सावळं, अर्धं पांढरं तोंड दिसलं, अन् हसू जागच्या जागी विझलं.

"दुखते काय वं तुले?" अंबूनं विचारलं.

"नाई."

"आमाले लागन काय?"

बायजानं डब्याआड तोंड लपवलं.

"नाई लागत," अनुसयाबाई म्हणाली. "देवानं गोधडी शिवतानी एक चिंधी पांढरी लावली. तिची ऊब कमी होते काय?"

अंबूनं तळवा पुढं केला. बायजानं डबा इतक्या घाईनं कलता केला, की बोरं उंबऱ्यावर सांडली. अंबूनं एक उचललं, फुंकलं अन् तोंडात टाकलं. मग बाकीच्या वाकल्या. शेवंता मात्र हात पाठीमागं नेऊन घरी निघून गेली.

"जाऊ द्या," अनुसयाबाई म्हणाली. "तिच्या मायले पयले समजावा लागन."

बायजा उंबऱ्याबाहेर आली. "उद्या कोनाच्या घरी?"

"माह्या घरी. लवकर येजो," अंबू म्हणाली.

हरीचं नाव घ्याल, तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. किती तरी सांजा अंधारात बसून, ऐकणाऱ्या पोरी पळून जातात हे ठाऊक असूनही गात राहिलेल्या बायजाची याद ठेवा.