मिस पार्डो यांचा फुलांचा पट्टा

विथीकोम्बच्या बंगल्याची बाग मी चौदा वर्षं सांभाळली. तिथल्या भिंती, पायऱ्या, दगडी तळं, उंच कुंपणांनी पाडलेले आडोसे हे सगळं लायनेल पार्डो या वास्तुविशारदाचं काम. पण फुलांचा दोनशे फुटी पट्टा आखला त्यांच्या बहिणीनं, मिस विनिफ्रेड यांनी. दोन्ही टोकांना राखाडी पानं, मग निळं-पांढरं आणि मधोमध पेटल्यासारखा तांबडा. आम्ही सहा माळी तो राखायचो. जर्मनांशी झालेल्या लढाईवरून दोघंच परतलो.

एकोणीसशे एकवीस सालच्या जूनमध्ये एका मासिकाचा माणूस बागेचा इतिहास लिहायला आला. मी त्याला बाईंच्या हातचे नकाशे दाखवले. त्यानं सगळं टिपून घेतलं. अंक निघाला, तर पानंच्या पानं भिंतींचं कौतुक. पट्ट्याला दोन ओळी, बाईंचं नावही नाही.

तो अंक घेऊन मी टॉन्टनला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो.

"बसा, टफ्ली. चहा घ्या."

"बाईसाहेब, मी त्याला नीट सांगितलं होतं हो."

"त्यानं लिहिलंही होतं. छापण्याआधी मला दाखवलं. मीच खोडायला लावलं."

मी अंक मिटून मांडीवर ठेवला.

"ह्यू लढाईत मारला गेला तेव्हापासून लायनेल धड जेवत नाही," त्या म्हणाल्या. ह्यू म्हणजे लायनेलसाहेबांचा मुलगा. "नवं काम कुणी देत नाही. ही बागच काय ती उरलीय त्याच्याजवळ."

"आणि तुमच्याजवळ?"

"चहा निवतोय तुमचा."

ऑक्टोबरात बंगल्याच्या मालकीणबाईंनी पट्टा उपटून हिरवळ करायला सांगितलं. "दोघांना झेपत नाही, टफ्ली. आणि लोक येतात ते भिंती बघायला. छापूनसुद्धा तेच आलंय." मी मिस विनिफ्रेडना पत्र टाकलं.

त्या आल्या, भावाचा हात धरून. निम्मा पट्टा तोवर उकरून झाला होता, मुळं ढिगानं पडली होती. मी फावडं टेकवून टोपी काढली. लायनेलसाहेबांनी मातीकडे बोट केलं.

"विनी, इथं काय होतं गं?"

"फुलं होती."

"असं होय? बरं केलं काढली ते. भिंत कशी उठून दिसतेय बघ."

"हो, दिसतेय खरी," बाई म्हणाल्या आणि त्यांना तळ्याकडे घेऊन गेल्या. मी पुन्हा खणायला लागलो.