दाराजवळची शिवण

मी तंबू बोलतोय. सुट्टीत समुद्रावर नेतात तो प्लास्टिकचा नव्हे. जुन्या काळच्या सरदारांचा असे तसा, गोल, जाड सुती कापडाचा, शेंड्यावर झेंडा लावायचा. सध्या पेंडल हिलच्या एका गॅरेजमध्ये बार्बेक्यूखाली घडी होऊन पडलोय. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून आपणहून सांगतो.

साल दोन हजार आठ. मेलबर्नच्या क्लेटनमध्ये तेव्हा घराघरांत विद्यार्थी कोंबलेले असत. तसल्याच एका घरात मधुवंती आणि नचिकेत शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचे. मधुवंती सांगलीची. दिवसा अकाउंटिंगचं शिक्षण, संध्याकाळी हॉटेलात भांडी. घरचा मंडपाचा धंदा, त्यामुळे कनाती शिवत आणि झालरी लावतच ती मोठी झालेली. नचिकेत पुण्याचा, बोलण्यात पटाईत. युनिव्हर्सिटीच्या एका क्लबात तो नुकताच शिरला होता. तिथली मंडळी वीकेंडला चिलखतं चढवून मध्ययुगात जाऊन यायची आणि त्यांना तंबू हवा होता. "तू शिव, कुणी केला ते मी सगळ्यांना सांगतो," असं तो मधुवंतीला म्हणाला. ती हरखूनच गेली. इथे येऊन दोन वर्षं झाली होती, पण भांड्यांखेरीज तिला काही येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा कुणाला तरी कळू दे, एवढीच तिची हौस.

कापड आणायला नचिकेत गेला. दुकानदाराने त्याला बजावून सांगितलं, याला पाणी अडवणारा लेप दिलाय, साबणाने धुऊ नकोस. "नो वरीज, मेट," म्हणत स्वारी मला खांद्यावर टाकून घरी आली आणि ती गोष्ट साफ विसरली.

मधुवंतीच्या आईची, पद्माताईंची, शिकवण एकच. कोरं सुती कापड भिजवून आटवल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. मधुवंतीने मला बाथटबमध्ये पावडर घालून दुपारभर भिजवलं, पायांनी तुडवलं, खळ निघाली म्हणून खूश झाली. ती खळ नव्हती हो, माझा लेप होता. वाळत घालायला नचिकेत मदतीला आला. माझं एक टोक त्याच्या हातात असताना त्याला दुकानदाराचं बोलणं आठवलं. मी त्याचं तोंड पाहिलं ना! पण गप्प बसला. आता सांगून आपलीच चूक कोण दाखवणार?

मग तिने मला बेतलं. छपराला सोळा कळ्या, घागऱ्याला असतात तशा वर निमुळत्या. खाली गोल कनात. प्रत्येक जोडावर दुहेरी शिवण, आणि ती घालता घालता तिची बोटं सुजली. क्लबाने सिंहाचं चित्र दिलं होतं, ते तिने लाल रंगात काढलं. झालरीवर मात्र आपल्या निळ्या कोयऱ्या. शेवटी दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याने स्वतःचं नाव शिवलं, इथल्यांना वाचता यावं म्हणून इंग्रजी अक्षरांत. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

क्लबाच्या कॅम्पला मला उभं केलं तेव्हा त्यांचा दाढीवाला प्रमुख माझ्याभोवती दोनदा फिरला आणि त्याने कुणी केला म्हणून विचारलं. मधुवंती तिथेच, खुंट्या ठोकायचा हातोडा हातात धरून उभी होती.

"आय मेड इट," नचिकेत म्हणाला. "शी हेल्प्ड विथ द सोइंग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच मराठीत म्हणाला, नंतर सांगतो गं नीट.

दुपारी सगळे माझ्यात जेवायला बसले आणि पाऊस आला. आधी थेंब, मग धार, थेट प्रमुखाच्या ताटात. तेव्हा मात्र नचिकेतला खरं आठवलं. तंबू मधूने केला म्हणाला. वर, धुऊ नकोस असं मी तिला सांगितलं होतं, असंही ठोकून दिलं.

"तू कधी सांगितलंस?" ती म्हणाली.

मराठी कुणाला कळली नाही. सगळे तिच्याकडे कीव करत बघत राहिले. तिने खुंट्या पुसून पिशवीत भरल्या आणि एकटी ट्रेनने गेली. पुढच्या महिन्यात तिने ते घरही सोडलं.

आणि गंमत ऐका. लेपाचा डबा दुकानात मिळतो. आठवड्याने नचिकेतने तो आणून मला फासला, आणि मी आजवर गळलो नाही. तंबू वाचवला म्हणून क्लबाने त्याची पाठ थोपटली आणि तो शिकून निघाला तेव्हा मला त्यालाच देऊन टाकलं.

पुढे त्याला पीआर, म्हणजे या देशात कायम राहायचा परवाना मिळाला, पॅरामॅटाला नोकरी, पेंडल हिलला हे घर, बायको मेधा, मुलगी सावनी. गेल्या महिन्यात सावनीच्या शाळेच्या जत्रेसाठी मला बाहेर काढलं. ती दारातून आत शिरली आणि शिवणीवरून बोट फिरवत थांबली.

"डॅड, हू इज मधुवंती?"

"ते ब्रँडचं नाव आहे, बाळा," नचिकेत म्हणाला.

रविवारी मेधा आणि सावनी बाहेर गेल्यावर तो ब्लेड घेऊन गॅरेजमध्ये आला आणि त्याने टाका टाका उसवून ते नाव काढून टाकलं. मधुवंती, कुठे असशील तिथे एवढं ऐक. तुझ्या सोळाच्या सोळा कळ्या शाबूत आहेत. दोरा गेला, टाक्यांची भोकं राहिली आहेत. मला उन्हात धरलं तर तुझं नाव अजून वाचता येतं.