चौकट सोडलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा म्हटलं की उभा, चौकटीत बसवलेला, कडी लावलेला, असाच तुमच्या डोळ्यांपुढे येणार. मी मात्र घराच्या बाहेरच्या खोलीत ऐटीत आडवा आहे आणि आत्ता माझ्यावर चार जणांनी कोपरं टेकली आहेत. ही बढती मला कशी मिळाली, तेच सांगतो.

एका सुताराने मला घडवलं. लाकूड अस्सल, सांधे पक्के. बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्या मधे मी उभा राहिलो. भाडेकरू आले नि गेले. कुणी मला पांढरा रंग फासला, कुणी निळा, कुणी तपकिरी. माझी आवड मात्र कुणी विचारली नाही.

शेवटी हे कुटुंब आलं. आई दवाखान्यात परिचारिका, बाबा गॅरेजमध्ये मेकॅनिक, एक थोरली मुलगी आणि एक धाकटा मुलगा. धाकट्याला सगळे तुफान म्हणतात. का, ते माझ्या बिजागऱ्यांना विचारा! घरात जो तो घाईत. एक पलंगावर जेवायचा, एक खिडकीत, एक उभ्या उभ्या. त्यात आतल्या खोलीत माझ्या पाठीशी एक भलंमोठं कपाट आलं आणि मी अर्धाच उघडू लागलो. येता-जाता सगळे पोट आत घेऊन माझ्याशेजारून सरकायचे आणि वर मलाच शिव्या द्यायचे. पाहुणा आला की पसारा आत ढकलून मला लावून घ्यायचे. पसारा झाकणं, एवढंच माझं काम उरलं होतं.

थोरलीला या घराची लाज वाटायची. तिच्या मैत्रिणी अभ्यासासाठी आळीपाळीने एकेकीच्या घरी जमत. हिची पाळी आली की ही दर वेळी म्हणायची, "आमच्याकडे रंगकाम चालू आहे गं."

एकदा फोनवर एक मैत्रीण हसून म्हणाली, "किती मजली घर आहे गं तुमचं? रंग संपतच नाहीये! ते काही नाही, रविवारी आम्ही रंगवलेलं घर बघायला येतोय."

फोन ठेवला आणि माझ्यावर डोकं टेकून ती रडली. मला फार वाईट वाटलं. रंगाचा तर घरात थेंबही नव्हता.

शनिवारी बाबा लवकर घरी आले. सगळं ऐकून म्हणाले, "रडून भिंत रंगते होय? ऊठ. आणि आधी हा दरवाजा काढू, सारखा मधे मधे करतो."

बिजागऱ्या निघाल्या आणि बाबांनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला रविवारी सकाळी येणार होता. त्याच्याकडून पुढे चुलीतच जायचं, हे मला ठाऊक होतं.

शेजारच्या काकूंकडे उरलेला अर्धा डबा पिवळा रंग मिळाला. तो एकाच भिंतीला पुरला, पण खोली उजळली. माझ्या चौकटीत जुन्या चादरीचा पडदा लागला. तुफानची चित्रं दोरीला चिमटे लावून टांगली गेली. रिकाम्या बरण्यांत पाणी घालून हिरव्या फांद्या खोचल्या. सगळं झकास झालं. पण मुली बसणार कुठे? वह्या ठेवणार कशावर?

थोरलीची नजर माझ्यावर पडली. "बाबा, याचं टेबल होईल?"

मला आतल्या खोलीत निजवून त्या दोघांनी काचपेपरने घासलं. तपकिरीखालून निळा निघाला, निळ्याखालून पांढरा, मधेच माझं खरं लाकूड. "असाच राहू दे," थोरली म्हणाली आणि फडक्याने तेल चोळू लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला मायेने हात लावला.

रविवारी भंगारवाला आला. "दरवाजा द्यायचाय ना?"

"कुठला दरवाजा?" थोरली म्हणाली. "हे टेबल आहे!"

मग बाबांनी अडगळीतल्या एका मोडक्या पलंगाचे पाय मला ठोकून पक्के केले, आडव्या पट्ट्याही मारल्या. मला उचलून बाहेर नेऊ लागले, तर पाय कपाटाला अडले. उभं केलं, तिरकं केलं, बाबांनी घामही पुसला. ज्या चौकटीत माझा जन्म गेला, त्याच चौकटीतून मला बाहेर पडता येईना! आणि मैत्रिणी तर रस्त्याला लागल्या होत्या.

तेवढ्यात आई दवाखान्यातून आली. तिने एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, दरवाज्याला पाय कशाला हवेत? बाहेर मुलांच्या पुस्तकांची दोन बुटकी कपाटं आहेत ना? ठेवा त्यांच्यावर!"

पाय निघाले, मी चौकटीतून अलगद बाहेर आलो आणि कपाटांवर असा बसलो की ज्याचं नाव ते. मुठीच्या जागच्या भोकात थोरलीने पेला अडकवला आणि त्यात एक फांदी ठेवली. इतक्यात बेल वाजली.

मैत्रिणी आल्या. एकीने माझ्यावरून हात फिरवला. "अय्या, हे टेबल कुठून आणलंत?"

आता ही काय सांगणार?

"दुकानातलं नाही गं," थोरली मान वर करून म्हणाली. "आमचा दरवाजा आहे हा. आणि खरं सांगू का? रंगकाम कालच सुरू झालं."

"आणि संपलंसुद्धा?"

"अर्धाच डबा होता!"

असा काही हशा पिकला की तुफान पडद्यातून धावत आला. त्या संध्याकाळी मैत्रिणी जायलाच तयार नव्हत्या. पुढच्या रविवारीही इथेच जमायचं, असं ठरवूनच त्या उठल्या. मग या घरातली चार ताटं पहिल्यांदाच एका जागी मांडली गेली, माझ्यावर!

मित्रांनो, जिंकलो बरं का मी! फक्त एक विनंती आहे. घरातली एखादी जुनी वस्तू फेकावीशी वाटली, तर आधी तिला जरा घासूनपुसून, आडवी-तिडवी करून बघा. मी उभा होतो तेव्हा या घराचा पसारा झाकत होतो. आता आडवा आहे, तर सगळं घर माझ्याभोवती बसतं.