परमुलखातली खोली

"मधे झोप गं, मने. कडेला नको."

विठ्ठलवाडीच्या चाळीत दगडाबाई आत्या रोज हेच म्हणायची. खोली एक आणि माणसं घरभर. गोधड्या अंथरून झाल्या की आत्या पोरांची रांग हाताने चाचपत यायची आणि छोट्या मृणालला उचलून बरोबर मध्यात ठेवायची, पोळपाटावर उंडा ठेवावा तशी. मग दिवा मालवता मालवता गुणगुणायची,

कडेची गं चोराची, भिंतीची गं उंदराची,
मधली ती माझी मना, नाही कुणा न्यायाची.

आत्या गेली, चाळही गेली, तिथे आता लिफ्टवाली इमारत उभी आहे. मृणाल मात्र तेव्हापासून मधेच झोपत आली. आधी बहिणींच्या मधे. लग्न होऊन डोंबिवलीला आली, तर एका बाजूला नवरा संदेशचं घोरणं आणि दुसऱ्या बाजूला लेक सान्वीच्या लाथा. लेक मोठी होऊन वेगळ्या खोलीत गेली तरी संदेश कंपनीच्या कामाने पुण्याला मुक्कामाला गेला की सान्वी उशी घेऊन हजर. सान्वी सहलीला गेली की सासूबाई. सेहेचाळिसावं वर्ष लागलं, पण या बाईने आतून कडी लावून, एका खोलीत, एकटीने रात्र अशी काढलीच नव्हती. आणि गंमत म्हणजे हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. किरगिझस्तानला एकटीने जायची वेळ आली तेव्हा कळलं.

आता ही मृणाल बाहेर कशी, तर वाघीण. ठाकुर्लीच्या एका लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी. दिवसभर लोकांना सांगायचं, "घाबरू नका हो, मुंगी चावल्यासारखं होईल." सकाळी उजाडायच्या आत नव्वद फुटी रस्त्यावर पळायला. कुत्री अंगावर आली तर ती पळत नसे. थांबायची, कमरेवर हात ठेवायची आणि असा काही आवाज काढायची की कुत्री आपलीच चूक झाल्यासारखी शेपूट घालून बाजूला व्हायची. शिळफाट्याच्या रस्त्यावर उलट्या बाजूने आलेल्या डंपरवाल्याला तिने खाली उतरवून माफी मागायला लावली होती. रविवारी मलंगगडाच्या पायऱ्या चढून उतरून पुन्हा चढायची. डोंबिवलीतल्या पळणाऱ्या बायकांचा जो ग्रुप आहे, त्यात कुणाला काही भीती वाटली की तिला मृणालकडे पाठवत.

किरगिझस्तानातली ही शर्यत म्हणजे डोंगरातून दिवसभर पळायचं. वर बर्फ, खाली निळंशार तळं, मधे घोड्यांची कुरणं. ग्रुपमधल्या तिघी जाणार होत्या. एका खोलीत तीन खाटा, म्हणजे मृणाल आपोआप मधल्या खाटेवर. मग सोनलचा गुडघा दुखावला. मग जयाच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात ठरलं. राहिली एकटी मृणाल. तिथल्या गेस्ट हाउसकडून निरोप आला : आता तुम्हाला वरच्या मजल्यावरची छान, शांत, एकटीची खोली देतो.

त्या दिवशी मृणालने एका पेशंटला सुई टोचताना स्वतःच "आई गं" म्हटलं.

'जात नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण म्हणणार कोणत्या तोंडाने? डंपरवाल्याला खाली उतरवणारी बाई, आणि कारण काय, तर खोलीत एकटीला झोप येत नाही! मग तिने मनाशी ठरवलं, घरातले घाबरतील, नको म्हणतील, आपण जरासं रुसू आणि गप्प बसू. इज्जतही राहील आणि मधली जागाही.

घाबरवायला तानाजीकाका होतेच. संदेशचे हे काका. कल्याणच्या बाजारात भुसार मालाचं दुकान चालवून आता मोकळे झालेले, आणि मोकळेपणाचा सगळा वेळ मोबाईलवर आलेले व्हिडिओ पुढे पाठवण्यात घालवणारे. ते संध्याकाळी रिक्षाने डोंबिवलीला आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, ज्या देशाच्या शेवटी 'स्तान' लागतं, तिथे आपण जात नाही."

मृणालच्या मनात आनंदाचं कारंजं उडालं. पण जिभेला सवय निराळी. "काका, हिंदुस्तानात तर आपण सगळे राहतोय."

सान्वी खिदळली. काकांनी चहाचा घोट घेऊन दुसरी बाजू लावली. "तिथे लांडगे असतात. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"लांडगे लाजतात हो माणसांना. नव्वद फुटीवरची कुत्री नाही लाजत."

"डोंगरावरून दगड येतात."

"आपल्याकडे पुलावरून येतात."

"मोबाईल हिसकावून नेतात म्हणे!"

"माझं मंगळसूत्र कुठे ओढलं, काका? फडके रोडवर. दिवाळीत. गर्दीत."

मृणाल बोलत होती आणि मनात स्वतःचाच गळा दाबत होती. अगं, हर ना! एकदा तरी हर! पण तोंड काही ऐकेना. प्रत्येक वाद ती जिंकत गेली आणि प्रत्येक जिंकलेल्या वादागणिक ती वरच्या मजल्यावरची छान, शांत खोली जवळ येत गेली.

संदेशवर तिची थोडी आशा होती. भिडस्त माणूस, कुणाला नाही म्हणायचं तर त्याला घाम फुटतो. पण निदान काळजी तरी करेल? तो म्हणाला, "काका, तुम्ही हिला ओळखत नाही. हिला नाही, त्या देशाला जपायला हवं."

"बाबा, सही!" सान्वीने टाळी दिली. "मम्मी फुल सेट आहे. उलट तिकडच्या लोकांनाच टेन्शन असेल."

आणि खरंच होतं तसं. गेस्ट हाउसच्या मालकिणीने मृणालने ग्रुपवर टाकलेला शिळफाट्याच्या रस्त्यावरचा सरावाचा व्हिडिओ कुठूनसा पाहिला होता. मशीनने भाषांतर केलेला तिचा निरोप आला : 'ताई, तुम्ही खरोखर या रस्त्यावर धावता? मोठ्या गाड्या तुमच्या फार जवळून जातात. माझी आई तुमच्यासाठी प्रार्थना करत आहे. इथे पोचेपर्यंत कृपया स्वतःला सांभाळा.'

हे वाचून काकांनीसुद्धा माघार घेतली. मृणालचा शेवटचा वकील गेला.

तेव्हा इतका वेळ मटार सोलत बसलेल्या सासूबाई बोलल्या. गोदूबाईंचं माहेर-सासर दोन्ही तळकोकणातलं. डोंबिवलीत अर्धं आयुष्य गेलं तरी मोठ्या कामाआधी गावच्या देवाला विचारायची पद्धत त्यांनी सोडली नव्हती. त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"वाद पुरे झाले," गोदूबाई म्हणाल्या. "रविवारी देवाला विचारू. तो सांगेल तसं. काय गं मृणाल?"

"चालेल, आई," मृणाल इतक्या लगेच म्हणाली की गोदूबाईंनी शेंग हातात धरून तिच्याकडे एकवार पाहिलं.

पण एक अडचण होती. त्या देवाचा कौल या घराला नेहमी उजवाच लागे. संदेशचं लग्न, उजवा. डोंबिवलीची जागा, उजवा. सान्वीचं कॉलेज, उजवा. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नसे : गाभाऱ्याचं दार देवाच्या उजव्या हाताला आहे. वारा तिकडून येतो. उजवी पाकळी आधी सुकते आणि आधी पडते.

मृणालने दोन दिवस विचार केला. मग लॅबच्या जिन्यात उभं राहून गावी गुरवाला फोन लावला.

"दामाजी, मी डोंबिवलीची मृणाल. रविवारी प्रश्न घालाल तो जरा असा घाला. हिने घरीच राहण्यात भलं असेल तर उजवा दे, असा."

पलीकडे एक कोंबडा आरवला. "वैनीनू, लोक जावची परवानगी मागतत. रवाची कोन मागता?"

"घाला हो तुम्ही. आणि घरी कुणाला बोलू नका."

"मी कित्याक बोलतलंय? माका कोनी इचारल्यान तरच बोलतलंय."

एवढ्यावर तिने समाधान मानलं. इथेच तिचं चुकलं.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर पोह्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. काका नवा सदरा घालून आले होते. फोनमध्ये गाभारा दिसत होता, समई, काळाभोर देव, त्याच्या खांद्यांवर दोन तांबड्या पाकळ्या, आणि कोपऱ्यात दामाजीचा अर्धा कान. सान्वीने आवाज मोठा केला. दामाजी खाकरला आणि त्याने सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुझी सून परमुलखात डोंगरार धावूक जातंय म्हनता, तेची काळजी तुका रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" इकडून डोंबिवलीकर ओरडले. वरच्या मजल्यावरच्यांनी काहीतरी आपटलं.

"तेका लांडगो दिसलो तर तो आंधळो होऊ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" काका सगळ्यात मोठ्याने.

"आणि घराकच रवान तेचा बरा होयत तर उजवो दी, परमुलखात जावन बरा होयत तर डावो दी रे म्हाराजा!"

'होय म्हाराजा' या वेळी जरा विस्कळीत आलं. संदेशच्या कपाळाला आठी पडली. काकांचा चेहरा मात्र उजळला. उजवा लागणार हे त्यांनाही ठाऊक होतं. गोदूबाईंच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मृणालने नजर पोह्यांच्या डब्यावर लावली.

वाट बघणं सुरू झालं. उजवी पाकळी हलली. मृणालचा श्वासही हलला. पाकळीचं टोक सुटलं, वाऱ्यावर उचललं गेलं, आता पडते, मग पडते... "पड गं, पड गं बाय," काका पुटपुटले. पाकळी लोंबत राहिली, जिन्याच्या कठड्याला धरून खाली डोकावणाऱ्या पोरीसारखी. जायचं आहे, पण हात सोडवत नाही.

आणि डावी टपकन पडली.

"डावो!" दामाजी ओरडला. "डावो दिल्यान! जावंदे म्हनता!"

सान्वीने खुर्चीवर उभं राहून शिट्टी मारली. काका गडबडले. "वाऱ्याने पडली असेल. परत लावा म्हणावं, वैनी."

"तानाजी, वारा उजवीकडून येतो," गोदूबाई शांतपणे म्हणाल्या. "इतकी वर्षं तोच आपली कामं करतोय. आज पहिल्यांदा देवाने स्वतः हात घातला." मग त्या फोनकडे वाकल्या. "दामाजी, पन प्रश्न असो उलटो कित्याक घातलंस रे?"

मृणालने झटकन फोन बंद करायला हात पुढे केला. पण विचारलं तर बोलेन, असं दामाजीने सांगूनच ठेवलं होतं.

"वैनीनूच सांगल्यानी, काकी. मिरनालवैनीनू. फोन करून."

पलीकडच्या कोंबड्याचं आरवणंसुद्धा आता आगाऊपणाचं वाटलं. सान्वी खुर्चीवरून हळूच खाली उतरली.

"म्हणजे तुलाच जायचं नव्हतं?" काका दुखावल्या आवाजात म्हणाले. "मग मी इतके दिवस व्हिडिओ पाठवत होतो, तेव्हा 'बरोबर, काका' म्हणायला काय झालं होतं? लांडगे मी काय हौसेने शोधले?"

"मृणाल?" संदेश एवढंच म्हणाला.

"ते... हवा. उंचावर हवा विरळ असते ना," मृणाल म्हणाली.

"मलंगगडावर चढताना गाणी म्हणतेस तू."

"मग सोनल नाही, जया नाही. बरं नाही दिसत."

"कुणाला बरं नाही दिसत?" सान्वी म्हणाली. "घोड्यांना?"

गोदूबाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. सोलण्याआधी मटारच्या शेंगेकडे पाहावं, तसं त्यांनी सुनेकडे पाहिलं : दाबली तर उघडेल, ओढली तर नाही. त्या उठल्या, मृणालच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि डब्यातले पोहे बशीत काढू लागल्या, जणू काही झालंच नाही.

"देव हो म्हणाला म्हणून जायलाच हवं असं नाही हो," त्या पोह्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "पण देवाकडून नाही वदवून घ्यायची वेळ माणसावर कधी येते? आपल्या तोंडून निघत नाही तेव्हा. ते काय आहे तेवढं बोल. हसणार कुणी नाही. तानाजी हसला तर त्याचा मोबाईल मी विहिरीत टाकीन."

"डोंबिवलीत विहीर कुठे, वैनी?"

"शोधीन."

मृणाल हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. कुत्र्यांसमोर, डंपरसमोर, सुयांनी घाबरलेल्या माणसांसमोर एवढी वर्षं ताठ उभा राहिलेला कणा जरा सैल झाला. तिने आधी संदेशकडे पाहिलं, मग सान्वीकडे, मग काकांकडे, आणि शेवटी बशीतल्या पोह्यांकडे.

"मला खोलीची भीती वाटते," ती म्हणाली. "लांडग्यांची नाही, डोंगरांची नाही, माणसांची तर नाहीच नाही. खोलीची. आतून कडी लावायची आणि बाजूला कुणीच नाही. घोरणं नाही, लाथ नाही, कुणाचा श्वास नाही. मी कधी एकटी झोपलेच नाहीये हो, आई. एवढी घोडी झाले तरी. लाज वाटते सांगायला."

कुणी हसलं नाही. काकांनी मोबाईल खिशात टाकला, वर एक हात ठेवला. संदेशने काही बोलायला तोंड उघडलं, पण मृणालचं अजून संपलं नव्हतं. आतापर्यंत स्वतःपासूनही लपवून ठेवलेलं ते उरलेलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर आलं.

"आणि मघाशी ती डावी पाकळी पडली ना, तेव्हा मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला... मला जायचंय."