फुटक्या तोंडाची पिपेट

मित्रांनो, मी एक जुनी पिपेट आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रव मोजून घ्यायला जी काचेची नळी असते ना, तीच मी. मधे फुगलेलं पोट, पोटाच्या वर एक रेघ. माझं खालचं टोक द्रवात बुडवायचं, वरचं टोक तोंडात धरून द्रव ओढायचा, तो रेघेच्या वर आला की चटकन तोंड काढून तिथे बोट दाबायचं. मग बोट जरासं सैल करून द्रव बरोबर रेघेवर आणायचा. पिपेट वापरायची ती अशी, तोंडाने. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

माझे भाऊबंद, म्हणजे मोडक्या खुर्च्या, फाटक्या छत्र्या, आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. मला ते जमणार नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तापून लाल झालेल्या नळीत एका कारागिराने गाल फुगवून फुंकर घातली आणि माझं पोट तयार झालं. माझ्यात पहिला श्वास गेला तो त्याचा. तो कोण, कुठला, कोणाच्या पंगतीला बसणारा, हे मला विकत घेणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही. गवत भरलेल्या पेटीतून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आले. कॉलेजचं नाव सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची साळसूदपणे बसून राहतील.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. माझं रीडिंग बरोबर येतं म्हणून मुलं माझ्यासाठी भांडत. एकाने तोंडातून काढली की दुसरा तोंडात घाली, मधे फार तर नळाखाली एकदा धरी. कोणाला किळस येत नसे. पुढे एका धसमुसळ्याने मला नळावर आपटलं आणि माझ्या वरच्या तोंडाचा टवका उडाला. तेव्हापासून कितीही बोट दाबलं तरी फटीतून हवा शिरायची आणि द्रव खाली ठिबकायचा. मला ड्रॉवरमध्ये टाकून दिलं, ते योग्यच झालं. नीट मोजता न येणारी पिपेट काय कामाची?

१९६३ च्या थंडीत मला पुन्हा बाहेर काढलं, ते उकंडासाठी.

उकंडा दिग्रसजवळच्या खेड्यातला. आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हा झाल्यावर आईने त्याला उकिरड्यावर, तिकडच्या बोलीत उकंड्यावर, ठेवून परत उचललं आणि नावही तेच ठेवलं. वडील नागोराव यांनी सगळ्या घरासह बौद्ध धर्म स्वीकारला होता. पोरगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. पुढच्या सोमवारी प्रॅक्टिकलची चाचणी होती आणि तीत नापास होणाऱ्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देणार नव्हते.

एका बेंचवर दोन मुलं आणि दोघांत एक पिपेट अशी पद्धत होती. नव्या वाटणीत उकंडा पद्माकरच्या बेंचवर आला. पद्माकर कापसाची जिन चालवणाऱ्या मालकाचा मुलगा. तो सरांजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. सर सभ्य गृहस्थ, वादाला घाबरणारे. त्यांनी शिपायाला सांगितलं, "उकंडाला स्वतंत्र पिपेट द्या. त्याचीही सोय होईल."

सोय! काय शब्द शोधून काढला! शिपायाने ड्रॉवर उपसला, मला काढलं, दुसऱ्यांच्या पिपेटींत मिसळू नये म्हणून माझ्या गळ्याला काळा दोरा गुंडाळला आणि म्हणाला, "काम झालं का संगच घेऊन जात जाय. कपाटात ठेवू नोको."

उकंडाने मला मुकाट्याने घेतलं. तोंड उघडलं तर वर्ष जाईल ही भीती त्याला होती.

तो आठवडा मी विसरणार नाही. माझ्या फुटक्या कडेने त्याचा ओठ कापला आणि त्या चिरेवर कॉस्टिक सोड्याचा थेंब लागला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला फ्लास्कपर्यंत नेईतो द्रव रेघेखाली उतरलेला असायचा. मग रीडिंग चुकायचं. बुधवारी चुकलं, शुक्रवारीही चुकलं. सर म्हणाले, "तुझा हात स्थिर नाही. या कामाला हात स्थिर लागतो." त्याचा हात अगदी स्थिर होता हो! मला वाचा असती तर मी त्या सरांना सगळ्या वर्गासमोर सुनावलं असतं.

कपाटात जागा नसल्यामुळे मी टॉवेलात गुंडाळून त्याच्या खोलीवर जाऊ लागले. खोलीत त्याच्यासोबत देवीलाल राहायचा. तो बंजारा तांड्यावरचा, कला शाखेचा, थट्टेखोर. मला पाहून तो हसला.

"काहून रे, नळीले काळा दोरा? दृष्ट लागते का इले?"

उकंडाने सगळं सांगितलं तेव्हा त्याचं हसू गेलं. "मंग बेंचवरची घे न तू. कोन काय करते ते पाहू."

"अन् वर्ष गेलं म्हंजे?"

"असं करून बी जाऊनच राह्यलं," देवीलाल म्हणाला.

शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने तो घरी गेला. सरावासाठी मीही सोबत होते. आई सत्यभामाने मला दोन्ही हातांत धरून विचारलं, "हे सोताची देल्ली तुले?"

"व्हय माय. साऱ्या वर्गात मले एकट्यालेच देल्ली," उकंडा म्हणाला. आईला दुखवायचं नाही म्हणून तो खोटं बोलला. तिने शेजारच्या कांताबाईला बोलावून मला दाखवलं. ढाल जिंकून आणावी तशी मी त्या दोघींच्या हातांतून फिरत होते आणि संतापाने जळत होते.

रविवारी सकाळी नागोरावांनी मला पाहिलं. मग मुलाचा ओठ पाहिला.

"दोरा कायले बांधला?"

"ओळखू याले."

"कोनाले ओळखू याले? नळीले का तुले?"

नागोरावांचा आवाज चढला. "हॉटेलात आपला कप भाईर खिळ्याले टांगला राहे. चहा पेल्यावर आपनच धुवाचा, आपनच टांगाचा. दीक्षा घेतली तवापासून म्या त्या हॉटेलाची पायरी नाई चढली. अन् तू तोच कप घरी घेऊन आला?"

"परीक्षा हाये बाबा."

"परीक्षा दे न. पर त्याहिच्या भांड्यानं दे."

सत्यभामा चुलीपाशी होती. तिला आता सगळं समजलं. ती उठली, मला कोनाड्यातून काढून मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे वापस करून ये. माह्या घरात नोको." मित्रांनो, घरातून हाकलल्याचा आनंद मला त्या दिवशी झाला.

सोमवारी चाचणी सुरू होताच उकंडाने मला सरांच्या टेबलावर ठेवलं. "सर, हिचं तोंड फुटलं आहे. मी बेंचवरची घेतो."

"अरे, पण आपलं ठरलं आहे ना?"

"मले कोनी इचारलं नव्हतं, सर."

तो बेंचवर गेला. चांगली पिपेट उचलली, तोंडात धरली आणि द्रव ओढला. त्याचा हात जराही हलला नाही. सगळी प्रयोगशाळा बघत होती. त्याने आपलं काम संपवलं आणि पिपेट धुऊन पद्माकरपुढे ठेवली.

पद्माकरने सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसरी पिपेट मागावी तर शिल्लक एकच होती, टेबलावर पडलेली मी. पद्माकर उठला, माझ्यापर्यंत आला, माझं तोंड पाहिलं आणि मागे फिरला. माझ्याने रीडिंग चुकतं हे त्याला चांगलं माहीत होतं! त्याने चांगली पिपेट नळाखाली खूप वेळ धरली आणि निमूटपणे तोंडात घातली.

एवढंच होतं तर! नापास व्हायची वेळ आली तेव्हा सगळा विटाळ नळाच्या पाण्याने धुतला गेला. मग त्या पोराचा ओठ आठवडाभर कशासाठी कापत ठेवलात?

उकंडा पास झाला. त्याला त्या चाचणीत चांगले गुण मिळाले. सरांनी त्याची पाठ थोपटली, पण चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. मला मात्र कोणी फेकलं नाही. पुढं कामी पडेल, असं म्हणत शिपायाने मला दोऱ्यासकट ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तिथे मी काही वर्षं पडून होते. यंदा उमरखेडकडची एक मुलगी पहिल्या वर्षाला आली आहे. भागीरथा तिचं नाव. आज सकाळी नव्या सरांच्या कानाशी कोणीतरी लागलं आणि माझा ड्रॉवर उघडला. आता मी शिपायाच्या हातात आहे आणि तो माझ्यावरची धूळ पुसतो आहे.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगतो. मला जपू नका. तुमच्यापैकी कोणी त्या वर्गात असाल तर पुढे व्हा, मला त्याच्या हातातून ओढून घ्या आणि फरशीवर आपटा. मात्र काचा नीट झाडून घ्या. त्या पोरीच्या पायाला लागायला नकोत.